पुसलेली रेकॉर्डिंग्ज

मोबाइल दुरुस्तीला देऊन मी दुकानात थांबले होते. शेजारच्या मायलेकींचा लॅपटॉप पडून फुटला होता.

“काकू, आतली डिस्क शाबूत आहे. काकांनी नातीसाठी सांगितलेली गोष्ट मिळाली.”

“आई, बाबांचा आवाज मिळाला. आता तरी दोन घास खाशील ना?”

“शिवाय त्यांनी पुसलेली रेकॉर्डिंग्जही परत आलीत, ढीगभर.”

“आमच्या पाटीवरचं एकदा पुसलं की गेलंच. हे परत येतं?”

“हो. गोष्ट तीच, पण दरवेळी मध्येच थांबलेत. कुठे खोकला, कुठे ‘अगं, मिक्सर बंद कर’, कुठे ‘चष्मा कुठं ठेवलास गं?’”

“दादा, ती बिघडलेली राहू द्या. चांगलं तेवढं द्या.”

“नको गं. त्यांतच ते माझ्याशी बोलतायत.”