दोन हाकांचा खेळ

तिसऱ्या हाकेसाठी किती वेळ थांबायचं असतं? — तुम्ही आता विचारताय, पण मीच सहा महिने सगळ्यांना हे विचारत फिरतोय. आईला विचारलं, गुरवाला विचारलं, शाळेतल्या आमच्या जुन्या बाईंना बाजारात गाठून विचारलं. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे सगळे सांगतात. थांबायचं किती, ते कुणी सांगत नाही. — जरा मागे या, दर्शनभाऊ. कडेवर पाय नका देऊ. चिरा वरून कोरडा दिसतो, पण कड ढिसूळ असते. हां, इथे बसा, या ढिगाऱ्याजवळ. आणि मोबाईल खिशात घाला आधी. फोटो नंतर.

पुण्याहून एवढे आलात, पाणी प्या. अक्षयाने पत्ता दिला ना? मीच बोललो तिला, त्यांना बोलाव, फोनवर नको, समोरासमोर बोलायचंय. तुम्हाला वाटलं असेल, गेम बनवणाऱ्याचा भाऊ आपल्याला खाण दाखवणार, मग आपण त्याचा व्हिडिओ करणार — दाखवतो की. बघा. हीच ती चिरेखाण. इथला दगड कापून संपला, मालकाने तशीच सोडून दिली, पावसाचं पाणी साठतं. गेममध्ये आहे तशीच आहे ना? त्या तीन पायऱ्या, ते वाकडं काजूचं झाड — माझ्या दादाने, गुरुप्रसादने, इथेच बसून वहीत चौकोन भरून भरून काढलेलं ते. चित्रं नंतर अक्षयाने कॉम्प्युटरवर घेतली, कॉलेजची मैत्रीण त्याची. आता पाणी खाली गेलंय. ऑगस्टमध्ये तिथवर होतं, भिंतीवर तो काळा पट्टा दिसतोय ना, तिथवर. — हो, इथेच गेला तो. पाय घसरला.

मी गेम खेळलेलो नाही. एकदाही नाही. पण लोकांनी काय काय लिहिलंय ते मला सगळं पाठ आहे. मी आठवीत शाळा सोडली, इंग्रजी येत नाही, अक्षया वाचून दाखवते. रोज संध्याकाळी चार वाजता आईच्या पुढ्यात बसते आणि वाचते. कुणी लिहितं, पंचवीस मिनिटांचा खेळ पण छाती दडपून जाते. कुणी लिहितं, लहानपणी टीव्हीला लावून खेळायचो तसले चौकोनी चौकोनी दगड, चौकोनी पाणी, आणि तरीसुद्धा घाम फुटतो, हे कसं केलं? नागपूरची एक मुलगी लिहिते, गेम बंद केला तरी माझे कान दाराकडेच. ब्राझील म्हणून देश आहे, तिथला एक माणूस माझं नाव लिहितो — सर्व्या — चुकीचं लिहितो, पण लिहितो. कारण गेममध्ये हाक तीच आहे ना, सर्व्या. तो म्हणे तिसऱ्या हाकेसाठी चार तास बसला, दोनदा कॉफी केली. आई हसली त्या दिवशी. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. बोलली, त्याला जेवायला कुणी दिलं की नाही?

आणि वाईटही लिहितात, तेही ऐकतो आम्ही. कंदिलातलं तेल लवकर संपतं — बरोबर आहे, आमच्या घरातला तसाच होता. चालणं गोगलगाईसारखं — दादाने मुद्दाम ठेवलेलं ते. शेवाळावर पाय घसरतो ते खराब बनवलंय, आपल्या ताब्यात राहत नाही — आता याला काय बोलणार? नाहीच राहत ताब्यात. ते ऐकून मी उठून बाहेर गेलो.

मग तुमचं आलं. पाचातल्या दोन चांदण्या. ‘दोनच हाका आहेत, तिसरी टाकलेलीच नाही, शेवट अर्धवट सोडलाय, आळशीपणा.’ — नाही नाही, खाली बघू नका, मी भांडायला नाही बोलवलं. राग आला मला, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी तुम्ही समोर असतात तर मी काहीतरी करून बसलो असतो, माझा हात आधी चालतो, डोकं नंतर, सगळी वाडी सांगेल. दोन वर्षं माणूस दिवसा आंब्याच्या पेट्या ठोकायचा आणि उरलेल्या वेळात ते बनवायचा, आणि तुम्ही आळशी? पण ते असू दे. चांदण्या दोन ठेवा, एक ठेवा. माझं काम दुसरंच आहे.

तुम्ही तो तुकडा कापलाय ना — अठरा सेकंदांचा — दुसऱ्या हाकेचा. तुम्ही खुर्चीवरून पडता आणि हसता तो. तो काढा. — ऐका ना. तो सगळीकडे गेलाय. कुणी त्याच्यावर मांजर पडताना लावलंय, कुणी बायको लाटणं घेऊन येताना लावलंय. परवा काशीरामकाकांच्या दुकानात एका पोराच्या मोबाईलवर वाजला, माझ्या हातातली साखर तिथेच सांडली. आई उद्या त्याच दुकानात जाणार आहे. दर गुरुवारी जाते. — नाही, आईने गेमचा आवाज ऐकलेला नाही. मागते रोज. मी सांगितलंय, आमच्या मोबाईलचा स्पीकर गेलाय. आणि सांगितलंय की आवाज मुंबईच्या कुणा नट माणसाचा आहे. लोक लिहितात ना, हाक मारणाऱ्याला बक्षीस द्या, एवढा खरा आवाज आजवर ऐकला नाही — ते अक्षयाने वाचलं तेव्हा आई बोलली, त्या मुंबईच्या मुलाला घरी बोलवा एकदा, फणसाची साठं देऊ.

दादाचाच आहे आवाज. तुम्हाला काय वाटलं? आमच्याकडे नट कुठून येणार? आईच्या कानावर पडला की ती एका शब्दात ओळखेल. — हो, मुलाचा आवाज ऐकून आईला बरं वाटेल, असं तुम्हाला वाटतंय. अक्षयालाही तसंच वाटतं. तुम्हाला कळत नाहीये. काढा तुम्ही तो.

कसं सांगू आता. — आमच्याकडे तिन्हीसांजेला कुणी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाही. आईनेच शिकवलंय आम्हा दोघांना. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारेल. दुसरं काही असेल तर दोनदा मारून थांबेल. दादाने त्याच्यावरच गेम केला. पोरगा घरात एकटा, खाणीकडून हाक येते, पहिल्या दोन हाकांना दार उघडलंत तर मेलात. हाक त्याला खरीच पाहिजे होती, आणि ती या खाणीत घुमलेलीच पाहिजे होती. मग काय, पाच दिवस तेच. त्याच्या मोबाईलचा माईक बेकार, म्हणून माझा मोबाईल इथे चिऱ्यावर ठेवायचा, मी या ढिगाऱ्यामागे, आणि तो खाली पायरीवर, पाण्याजवळ. सापांसाठी गमबूट घालायचा. एक मोठा दगड पाण्यात टाकायचा, धप्प, आणि मग हाक मारायची, सर्व्याऽऽ. आणि मी काय करायचो? ओ द्यायचो! तोंडातून जायचंच. नाहीतर खोकायचो, सर्दी झालेली मला. पहिल्या चार दिवसांत एक टेक धड झाला नाही. तो वर येऊन माझ्या टाळक्यात मारायचा, म्हणायचा, तुला एक मिनिट गप्प बसता येत नाही रे? गाढवा, एक साफ टेक दे मला, एकच.

आणि त्या शेवटच्या दिवशीची हाक काय होती! पहिली बरी होती. पण दुसरी — तुम्ही खुर्चीवरून पडलात ना ती — माझ्या अंगावर काटा आला. मी इथून अंगठा वर केला, असा, त्याला दिसणार नव्हता तरी. म्हटलं वा दादा, आज जमलं, काय आवाज काढला —

काय?

नाही. दुकानात गेलेलो मी. अक्षयाने सांगितलंय ना तुम्हाला, मी तेव्हा दुकानात होतो, वडे आणायला. घरीही तेच सांगितलंय, पोलिसांनाही. अंगठा — तो आदल्या दिवशीचा. रेकॉर्डिंगही आदल्या दिवशीचं, अक्षयाला मी तसंच —

असे बघू नका.

बरं. बघा. — इथेच होतो मी. तुम्ही बसलाय तिथे. धप्प झालं, मला वाटलं दगड टाकला. मग हाक आली. मग दुसरी आली. पोहता यायचं त्याला, दर्शनभाऊ, माझ्यापेक्षा चांगलं यायचं. पण भिंती बघा ना, सुरीने कापल्यासारख्या सरळ, वर शेवाळ, धरायचं कशाला? आणि गमबुटात पाणी भरलं की ते काय वर येऊ देतं? इथून तीस पावलं आहेत. मी मोजलीत. पाऊस पडत असेल तेव्हाही मोजलीत. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल, हे मला आईने शिकवलेलं. म्हणून सांगतोय, तिने ती हाक ऐकली तर नुसता आवाज ओळखून थांबणार नाही ती. तिच्या मुलांची हाक तिला कळते. गंमतीची कुठली आणि खरी कुठली ते तिला कळेल, मला नाही कळलं. मग ती मला विचारेल, सर्व्या, मोबाईल तुझा होता, तू कुठे होतास? किंवा विचारणारही नाही. स्वतःचंच तोंड बडवून घेईल, मी का शिकवलं म्हणून.

अक्षयाला का दिलं? तेराव्यानंतर ती आली, बोलली, सगळं तयार आहे, फक्त आवाज नाही, गेमच्या स्पर्धेला आठ दिवस आहेत, तुझ्याकडे काही आहे का? आणि माझा हात आधी चालतो, सांगितलं ना. मोबाईल तिच्या हातात दिला. पाच दिवसांत तो एकच टेक साफ आला होता. त्याला पाहिजे होता तसा. तो मी फुकट घालवू? तिने ऐकलं, रडली, बोलली, केवढं सुंदर केलंय त्याने. मग विचारलं, तिसरी कुठे आहे? मी म्हटलं, दोनच केल्या. — आळशी नव्हता तो. दोनच झाल्या त्याच्याकडून.

काढलात? दाखवा. — आणि ज्या लोकांनी तुमच्याकडून उचललाय त्यांनाही आत्ताच लिहा, ऐकतील तुमचं. त्या मांजरवाल्याला आधी लिहा. — बरं. झालं. आता जा तुम्ही. सव्वापाचची एसटी आहे फाट्यावर, ती चुकली तर मग सातशिवाय नाही. आणि हे कुणाला बोललात तर — नाही, तुम्ही नाही बोलणार. जा. कडेकडेने नको, त्या वाटेने जा.

काय राहिलं आता? — ते. तुम्हीच पहिल्यांदा विचारलेलं ते. किती वेळ थांबलो.

अकरा मिनिटं. मोबाईलवर आकडा दिसत होता, अक्षयाने तो पुढचा भाग कापून टाकला, नुसते बेडूक आहेत त्यात. मला वाटलं, तिसरी मारायच्या आधी दम घेत असेल. मध्ये मला खोकला आला. जोरात आला, छातीतून. आणि मला आठवलं, एक साफ टेक दे, एकच. म्हणून गळ्यातला पंचा काढला, त्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबून धरला, दोन्ही हातांनी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.