पंख्याचे पाते कोणी फेकले याबाबत

मी, गल्लीत शिवणवाल्या काकू म्हणून ओळखली जाणारी, वय ५९ वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम, राहणार भाजीबाजारामागील दुमजली इमारत, वरचा मजला, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, मी वरील ठिकाणी पतीसह राहते. (पतींना पुढे 'हे' असे लिहावे, मी तसेच म्हणते.) हे कारखान्यात लेथवर होते, आता निवृत्त आहेत. म्हणजे कारखाना सुटला, लेथ सुटलेले नाही. एक छोटे लेथ आमच्या मागच्या गॅलरीत आहे आणि माझे धुतलेले कपडे जिन्यात वाळतात.

मागच्या वर्षी पंखा पुसताना मी स्टुलावरून पडून उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघेपर्यंत शिवण बंद होती. त्या काळात हे माझ्याशी फारसे बोलले नाहीत, लेथशीच बोलत होते. प्लास्टर निघायच्या आत यांनी पंख्याची पाती स्क्रूशिवाय बसवायची नवी रचना केली. पाते मोटरीच्या खाचेत सरकवायचे, जरासे फिरवायचे, की आतला खटका 'टक' वाजून बसतो. काढताना खटका दाबायचा. सगळे एका हाताने होते, दुसरा हात शिडी धरायला मोकळा राहतो. मग पाती खाली आणून मोरीत बसून धुवायची. ही रचना माझ्यासाठी केली असे यांनी कधी म्हटलेले नाही. सोमवारी पंख्याच्या कंपनीचे साहेब ती बघायला येणार आहेत, तेवढे मात्र दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगून झाले आहे.

आज सकाळी मी पाती धुऊन परत चढवत होते. हे खाली शिडी धरून उभे होते. "टक ऐकू येईपर्यंत हात सोडायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही," अशी यांची सूचना असते. त्यातला तोंडाचा भाग माझ्याच्याने होत नाही, हे यांना लग्नापासून माहीत आहे. शेवटचे पाते बसवताना मी यांच्या बनियनबद्दल बोलत होते. साहेबांसमोर तो भोकाभोकांचा बनियन घालून बसलात तर मी माहेरी जाईन, असे माझे म्हणणे होते. टक झाले की नाही, मी ऐकले नाही.

मी उतरून बटण दाबले. पंख्याने वेग घेतला आणि ते पाते सुटून पुढच्या गॅलरीच्या उघड्या दारातून बाहेर गेले. खाली तळमजल्याचे मास्तर गाडी धूत होते. गाडीची पुढची काच फुटली. मास्तरांना खरचटलेदेखील नाही, पण काचेपेक्षा मोठा आवाज त्यांनीच केला.

काल संध्याकाळी लेथच्या घरघरीवरून मास्तरांची व यांची बाचाबाची झाली, हे खरे आहे. "बघून घेईन," असे हे म्हणाले, तेही खरे आहे. पण असे हे आमच्या मिक्सरलाही म्हणतात. मास्तरांना वाटले, यांनी पाते मुद्दाम फेकून मारले. मी शिडी आवरेपर्यंत यांना ठाण्यात आणले होते.

मी आले तेव्हा हवालदारसाहेब म्हणाले, "काकू, काकांनी कबूल केलंय. रागाच्या भरात मीच फेकलं म्हणतात. आता गुन्हा दाखल होणार." ज्या माणसाची कचऱ्याची पिशवी आजवर डब्यात पडली नाही, तो वरच्या मजल्यावरून नेम कसला धरतो, असे मी त्यांना विचारले. त्यांना हसू आले, पण कबुली ती कबुली, असे ते म्हणाले.

मला वाटले, पाते आपोआप सुटले असे कागदावर आले तर सोमवारचे साहेब फिरकणार नाहीत, म्हणून हा खोटेपणा. माझे डोके फिरले. मी यांना बाकावर गाठून विचारले, "अहो, पंख्याची अब्रू वाचवायला तुरुंगात जाताय?"

हे म्हणाले, "खटका बसला की सुटत नाही. मी किती वेळा तपासलाय."

"मग सुटलं कसं?"

यांनी हवालदारसाहेबांकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तेच तर. पातं बसवलं कुणी, असं हवालदारसाहेबांनी विचारलं असतं ना."

त्यावर मला काहीही बोलता आले नाही. हवालदारसाहेब याला साक्षीदार आहेत.

तरी मी सांगते की, पाते यांनी फेकलेले नाही. ते मी बसवले आणि बडबडीच्या नादात नीट बसवले नाही. रचनेत दोष नाही, हे ठळक लिहावे, सोमवारी दाखवायचे आहे. मास्तरांची काच आम्ही बसवून देऊ. मास्तरीणबाईंचे ब्लाऊज माझ्याकडेच असतात, त्यांची समजूत मी काढते. यांना लवकर घरी सोडावे, कारण तोच बनियन घालून हे सगळ्या ठाण्यासमोर बसले आहेत.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचून होईपर्यंत मी तोंड उघडले नाही, सगळा ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.