कांद्याचा खरा भाव

तुम्ही विचारताच आहात म्हणून सांगते, तो मिक्सर मी हातचा का घालवला. किराण्याचे भाव ओळखण्याचा टीव्हीवरचा एक कार्यक्रम शिरूरला आला होता. बक्षिसाच्या मिक्सरवर डोळा ठेवून सूनबाई मला न्हावऱ्याहून आग्रहाने घेऊन गेली. साखर, तूरडाळ, शेंगदाणे, तिन्हींचे भाव मी अचूक सांगितले. शेवटी निवेदकाने कांदा पुढे केला.

“नऊ रुपये किलो,” मी म्हणाले.

“आजी, चुकलात! बत्तीस!”

“मुळीच चुकले नाही. आमच्या शेतातला कांदा व्यापाऱ्याने परवाच नऊने नेला.”

निवेदक भला माणूस होता. कॅमेरा थांबवून तो हळूच म्हणाला, “पुन्हा विचारतो, आजी. फक्त बत्तीस म्हणा, मिक्सर तुमचा.”

खालून सूनबाई ओरडली, “आत्या, म्हना की बत्तीस! आपलं काय जातंय?”

मी चष्मा नीट केला आणि निवेदकाला म्हटले, “म्हणते की! मात्र बत्तीसने घेणाऱ्याचे नाव आधी सांगा. घरी अजून अठ्ठावीस पिशव्या पडून आहेत, टेम्पो आत्ताच मागवते.”