बटन तेवढं दिसत नाही

...अन् मले म्हणते, "दादाजी, तुमच्याकडून नाही होत, घरच्या मोठ्या माणसाले सांगा!" मले! गेटवरचा गार्ड! तुम्हाले सांगतो, बेसा भागातला हा फ्लॅट मी घेतला, कामठीतले माहे कापड विणायचे सगळे लूम विकून घेतला, अन् घरचा मोठा माणूस कोण? तर मुकुंद! माहाच पोरगा!

झालं काय, चंपतराव आला भेटाले. लूमवर जल्मभर बाजूले उभा राहिलेला माणूस. कामठीवरून ऑटो बदलत, भर मे महिन्यात, पिशवीत झाडाच्या कैऱ्या घेऊन आला. गार्डानं त्याचा फोटो काढला, टुणकन माह्या फोनवर. दिसते ना! घाम दिसते, डोक्यावरचा दुपट्टा दिसते, पिशवीतल्या कैऱ्या दिसतात... सगळं दिसते, बटन तेवढं दिसत नाही!

बाल्कनीत गेलो अन् ओरडलो, "सोड गा त्याले, माहा माणूस आहे!" लूमच्या खडखडाटात ऐकू जाणारा आवाज आमचा, समोरच्या बिल्डिंगीतले लोक बाहेर आले! अन् गार्ड काय म्हणते? "दादाजी, आवाजावर नाही सोडता येत. ॲपवर 'येऊ द्या' दाबा." अरे, असंल तर दाबू ना!

सूनबाई मयुरा डॉक्टरकडे, फोन बंद. मुकुंदाले लावला. तो मीटिंगमध्ये, दबक्या आवाजात, "बाबा, ज्याले जेवढा अधिकार, त्याले तेवढेच बटनं दिसतात. 'येऊ द्या' मले अन् मयुराले. तुम्ही फक्त पाहा." फक्त पाहा! म्हटलं, काहून? म्हणे, "तुम्ही कोणालेही येऊ देता." मग? उन्हातून आलेल्या माणसाले वापस लावू?

म्हटलं, ठीक. खुर्ची उचलली, माठातलं पाणी घेतलं, खाली उतरलो, गेटाच्या बाहेर चंपतरावाजवळ खुर्ची टाकली, अन् मुकुंदाले पुन्हा फोन. "मले बटन दिसत नाही तोवर मी इथंच!" चंपतराव म्हणते, "काहून जिद्द करून राहिला गा? मी जातो कामठीले." म्हटलं, "बस! तू गेला तर ते बटन मले जल्मात दिसत नाही." कैऱ्या कापल्या, गार्डाजवळून मीठ मागितलं, एक फोड त्यालेही दिली. येणारे-जाणारे गाड्या थांबवून पाहून राहिले, त्यातल्याच एकानं आमचा फोटो मुकुंदाले धाडला... अन् बापा, मीटिंग संपली की! फोनवर हिरवंगार बटन उगवलं. दाबलं. चंपतराव आत! जिंकलो!

जिंकलो म्हणता? संध्याकाळी मुकुंदानं स्वतःचं बटन काढलं, मयुराचंही काढलं. "बाबा, आता तुम्हीच मालक." झालं! जेवाले बसलो, टुण, दूधवाला. डोळा लागला, टुण, पार्सलवाला. मयुराची चप्पल आली, टुण. चप्पल वापस न्यायले माणूस आला, टुण! पहिले सगळं दिसे, बटन तेवढं दिसत नव्हतं. आता बटन तेवढं दिसते, दुसरं काहीच दिसत नाही!

काल चंपतराव पुन्हा आला. टुण! तोच दुपट्टा, तोच घाम. बोट बटनापर्यंत नेलं... अन् थांबलो. फोन टीव्हीजवळ ठेवला, खुर्ची उचलली, बाल्कनीतून ओरडलो,

"चंपत, वर नको येऊ गा... मीच बाहेर येतो!"