मले कोनी काढलं नाही

नाही जी, तिथंच चुकून राहिले तुमी — मले कोनी काढलं नाही. कोनी सांगतलं तुमाले? तुमच्या महाल मोहल्ल्यातल्या पानठेल्यावर बोलत असतीन लोकं, तं बोलू द्या — 'सक्करदऱ्याच्या विजय क्लबानं कप जिंकून देनारा मास्तर हाकलून देल्ला' — हाकलून! मी काय सैपाकघरात शिरलेलं कुत्रं हावो? बसा ना कृष्णकांतजी, उभे काहून, त्या बाजेवर बसा. माहा माग चालूच राहीन, त्याचं वाईट नका वाटू देऊ, हे लुगडं बाजाराच्या आंधी सोसायटीत गेलं पायजे — हात इकडे, कान तुमच्याकडे. तुमी महालाच्या टीमचे सेक्रेटरी, मोठी गोष्ट हाये तुमी माह्या घरी आले. पन असं तोंड पाडून नका बसू जी. मयतीले आल्यासारखं.

सांगा, यंदाचा कप कोनं जिंकला? आमीच ना? सेमीफायनलले तुमालेच हरवून जिंकला — विसरले नसान. फायनलले समोर कामठीची टीम, बूट नुसते चमकून राहिले होते त्यायचे, अन् आमचे अर्धे पोट्टे अनवानी. लोकं हासत होते. हाफटाईमनंतर हासले का कोनी? नाही हासले. अन् कोनाचे पोट्टे होते ते? आमच्या कोष्ट्यायचे, याच गल्लीतले. बांगलादेशची लढाई झाली त्या साली तलावाच्या बाजूचं मैदान मीच साफ केलं, गोटे येचून येचून, अन् यायले उभं केलं तिथं. हा नत्थू, कॅप्टन — याच मागावर बसून विनायले शिकला माह्यापाशी, पन त्याचं ध्यान सुतात कमी अन् बॉलमंधी जास्त. अन् गोलकीपर लहानू, तो तं उमरेडकडचा, कोळशाच्या खदानीत रोजीनं टोपले उचले, अन् सुट्टी झाली का एसटी पकडून प्रॅक्टिसले हजर — कानात कोळसा तसाच. मी म्हनो, 'लहानू, आंघोळ तं करत जा बाप्पा,' तं म्हने, 'मास्तर, आंघोळ केली का बस जाते.' असे पोट्टे. त्यायले मी शिव्या देल्ल्या, कान पिरगाळले, पावसात पळवलं, तापात निजलेल्याले उठवून आनलं — मोठेपना नाही सांगून राहिलो, झालं ते सांगतो.

कप आला तवा गल्लीत बँड लावला. आमचा अध्यक्ष मनोहरराव, लाकूड कापाच्या आरामशीनवाला, त्यानं मले ट्रकवर चढवलं — गळ्यात हार, डोक्यात गुलाल, 'देवाजी मास्तर की जय!' मी विनकर मानूस, ट्रकवर हात कुठं ठेवावं हेच समजे ना मले. अन् त्या हाराचे फुलं सुकले नसतीन, तं मनोहररावनं कापडाच्या मिलवाल्यायशी बोलनं करून ठेवलेलं. काय बोलनं? तं मिल क्लब घेते. टीमले मिलचं नाव, पोट्ट्यायले बूट-जर्सी, अन् सगळ्यायले मिलमंधी नोकरी — पक्की! समजून राहिलं ना तुमाले? या गल्लीत एकामागं एक माग बंद पडून राहिले, जाळाले लाकूड म्हनून विकून राहिले लोकं, अन् इथं पक्की नोकरी. अट एकच — मास्तर मिलचा राहीन. त्यायचा कोनी साहेब हाये, शिकलेला, तो टीम पाहीन. चांगलाच असन तो, त्याच्याशी माहं काही भांडन नाही.

पन हे मले कोनं सांगतलं? मनोहररावनं? नाही जी! ज्यानं मले ट्रकवर चढवलं त्याले माह्या घरच्या दोन पायऱ्या चढून सांगाची हिंमत नाही झाली. मारुतीच्या देवळात मीटिंग बलावली, सगळ्या पोट्ट्यायसमोर सांगतलं — माह्याकडे पाह्यलंबी नाही, छताकडे पाहून सांगतलं — अन् वरतून म्हनते, 'आपल्या क्लबात लोकशाही हाये, ज्यायले मंजूर असन त्यायनं हात वर करा.' अन् पोट्ट्यायनं केले हात वर. सगळ्यायनं. झालं. संपलं.

च्च च्च नका करू. तुमची च्च नाही पायजे मले. काय? — नत्थूनंबी? — हाव, नत्थूनंबी केला. असं नका पाहू जी, तुमच्या मनात काय हाये ते दिसून राहिलं मले — ज्याले शिकवलं तोच उलटला. सगळी गल्ली तेच म्हनून राहिली. माही बायको तं भर बाजारात नत्थूच्या मायले बोलून आली, 'तुह्या पोराले माह्या घरचं अन्न नाही पचलं' म्हने. तिले बोलू द्या, पन तुमी नाही, माह्या घरात बसून नाही! तो उलटला नाही! सगळ्यायच्या पयले तोच उभा झाला होता — 'मास्तर नाही तं मी नाही,' मनोहररावच्या तोंडावर म्हनला. त्याच्यामांगं लहानू उभा झाला, मंग एक एक करून बाकीचे — 'नोकरी नको!' म्हने. गाढवं! लहानूचा बाप त्या खदानीतच मेला, आता यानंबी तिथंच मराचं का? नत्थूची सोयरीक जमता जमता मोडते, काहून, तं पोरगा काय करते? बॉल खेळते! अन् हे नोकरी नको म्हनून राहिले, कोनासाठी — माह्यासाठी! मले असा राग आला, असा राग आला — मैदानावर ओरडतो तसा ओरडलो. देवळात. 'हात वर करा बे सगळेजन!' म्हनलं. 'आजवर माही एक गोष्ट मोडली नाही, आज मोडसान तं तुमचं माहं काही नातं नाही!' ... अन् केले. माना खाली घालून केले. नत्थूनं सगळ्यात शेवटी. रडून राहिला होता एवढा मोठा बाप्या, पन केला.

— निघून गेलं तोंडातून. हे कोनाले सांगाचं नाही, समजले? पोट्ट्यायले मी शपथ घातली हाये. आत बायको हाये, तुळसा, तिलेबी नाही मालूम. कायले सांगू? लोकं म्हनतीन, देवाजीनं त्याग केला, बिचारा देवाजी — 'बिचारा' म्हनलेलं मले चालत नाही. त्यापेक्षा हाकललेला बरा. हाकललेल्याले निदान शिव्या तं देता येतात.

आता तुमचं. तुमाले वाटलं, देवाजी चिडलेला हाये, त्याले महालात न्यावं अन् त्याच्याच पोट्ट्यायवर सोडावं — कोनाचा कोनता पाय कच्चा ते सांगन तो. हेच ना? नाही म्हनू नका, आल्यापासून फिरवून फिरवून तेच विचारून राहिले तुमी. ते नाही मिळनार. लहानू कोनत्या बाजूले उशिरा पडते, हे मी चितेवर चढलो तरी नाही सांगनार. पन येतो मी. हाव, येतो ना! तोंड काहून उघडं राह्यलं? तुमची टीम घेतो अन् त्यायले हरवतोबी. काहून नाही हरवाचं? आंधी हरले असते तं क्लब बुडला असता, पोट्टे रिकामे फिरले असते. आता नोकरी पक्की हाये, हरल्यानं चूल नाही विझत कोनाची — आता मोकळ्या मनानं हरवता येते! तुमचे पोट्टे पळत नाहीत जी, लाड झाले त्यायचे. उद्या सकाळी तलावाच्या मैदानावर आना, बूट घरी ठेवा म्हनाव. अन् मी शिव्या देतो, हे त्यायच्या मायबापायले आंधीच सांगून ठेवा.

काय म्हनता? मिलनं मलेबी काही द्याले पायजे होतं? — देत होते ना! मीटिंगनंतर आले होते इथं सांगाले! देवाजीले ग्राउंडवर चपराशी ठेवतो म्हनाले. बॉलमंधी हवा भराची, जाळी बांधाची, साहेबाले पानी द्याचं. पक्की नोकरी, मिलच्या चाळीत क्वार्टर. मी नाही म्हनलं. तोंडावर नाही म्हनलं! ज्या पोट्ट्यायले मी उभं केलं त्यायचे बूट मी उचलू? त्या साहेबानं शिट्टी वाजवावी अन् बॉल आनाले मी पळावं? उपाशी मरन, पन —

कवापासून उभी हायेस वं तिथं?

चहा ठेव. ठेव ना खाली, सांडून राहिला. काय पाहून राहिली अशी? ऐकलं तं ऐकलं. हाव, पोट्ट्यायले मीच सांगतलं हात वर कराले, जा, नत्थूच्या मायले जाऊन सांग. अन् क्वार्टरबी देत होते. तू तवा माहेरी होती. नाही सांगतलं तुले. सांगतलं असतं तं तू काय म्हनली असती हे मालूम होतं मले, म्हनूनच नाही सांगतलं... काय? जोऱ्यानं बोल, ऐकू नाही आलं.

नळ?

हाव. होता नळ क्वार्टरले. आतच होता, मोरीत, पान्यासाठी रांगेत उभं राहाचं काम नव्हतं.

तरीबी नाहीच म्हनलं मी. आज आले तं आजबी नाहीच म्हनन, तुह्यासमोर म्हनन — तुळसा — अवं थांब ना, ऐकून तं घे —

जा जी तुमी आता, कृष्णकांतजी. चहा राहू द्या. उद्या पोट्टे घेऊन या म्हनलं ना? मंग जा.