सत्याला नको कसं म्हणायचं

एस्थर मिस : उभा का? बस. सायकल स्टँडमागे चांगला मांडी घालून बसला होतास म्हणे.

प्रणित : मिस, आयला नका सांगू.

एस्थर मिस : ते नंतर बघू. तंबाखूविरोधी कार्यक्रमात फुप्फुसांची चित्रं दाखवली, तेव्हा पहिल्या रांगेत तूच होतास ना?

प्रणित : होतो. लय भीती वाटली. पन चित्र भिंतीवर होतं मिस. स्टँडमागं सत्यजीत होता.

एस्थर मिस : आवडली सिगारेट?

प्रणित : छ्या! नुसता खोकला. डोल्यांतून पानी.

एस्थर मिस : मग नको म्हणायचं.

प्रणित : सत्याला? आपटा गावाला नदीवर पोहायला गेलेलो ना, तवा मी गटांगल्या खात होतो. बाकीची पोरं काठावर ओरडत बसली. उडी त्यानं टाकली. त्याला नको कसं बोलू?

एस्थर मिस : हे मला ठाऊक नव्हतं.

प्रणित : कोनालाच नाय. घरी पन नाय.

एस्थर मिस : बरं. असं कर, हा खडू म्हणजे सिगारेट. मी सत्यजीत. अरे प्रणित, धूम्रपान करतोस का?

प्रणित : मिस, असं कोन बोलतं! "घे ना भावा, एक कश," असं बोला.

एस्थर मिस : घे ना भावा, एक कश.

प्रणित : नको.

एस्थर मिस : काय पुटपुटतोस? फाटली का रे?

प्रणित : मिस! तुमाला असलं येतं?

एस्थर मिस : नववीचा वर्ग काय कान बंद करून शिकवते मी? चल, परत. घे की रे.

प्रणित : नको सत्या. तू माझा दोस्त हायस, कायम राहशील. पन हे नको.

एस्थर मिस : हेच बोल. एक अक्षर बदलू नकोस.

(पुढच्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर, फाटकापाशी)

एस्थर मिस : काय रे, बोललास?

प्रणित : बोललो. पन सगलं विसरलो. नुसतं "नको" निघालं, तेबी इतक्या मोठ्यानं की टपरीवाला वलून बघाया लागला.

एस्थर मिस : मग सत्यजीत?

प्रणित : बोलला, जा, मिसच्या मांडीवर बस. पोरं हसली. तो नाय हसला. सिगारेट टाकून निघून गेला. तवापासून बोलत नाय.

एस्थर मिस : वाईट वाटतंय?

प्रणित : लय. घरी आयला सगलं सांगितलं. सिगारेटचं, नदीचं पन.

एस्थर मिस : मारलं का?

प्रणित : सिगारेटचं ऐकून रडली. नदीचं ऐकून मारलं. मग बोलली, सत्याला रविवारी जेवाया बोलाव.

एस्थर मिस : बोलावलंस?

प्रणित : निरोप धाडलाय. येतो का नाय, काय म्हाईत.

एस्थर मिस : आणि एसटी स्टँडपर्यंत आता कोणाबरोबर जातोस?

प्रणित : एकटाच.

एस्थर मिस : मीही तिकडेच चाललेय. येऊ बरोबर?

प्रणित : या ना. पन मिस, तुमी लय हलू चालता.

एस्थर मिस : मग तूही हळू चाल.