घळीतली कळशी

ऐका. हसू नको रे यशा, तू तर अजिबात नको. दिवस मावळला होता आणि मी एकटाच घळीकडे निघालो होतो.

घळ तुम्हाला ठाऊक आहे. ओहोटीला तोंड उघडते, भरतीला मिटते. उन्हाळ्यात विहिरी खारट झाल्या की गोडं पाणी तिथेच. पण ते घ्यायचं करवंटीने, वरच्यावर. कळशी बुडवायची नाही. नाहीतर खालचं जागं होतं! म्हाताऱ्या सांगत आल्या, पण माझ्या थोरल्या भावाने, तातूदादाने ऐकलं नाही. घाईत कळशी बुडवली. सकाळी काठावर मेलेला सापडला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. बोटातली चांदीची अंगठी तेवढी काळी ठिक्कर.

कळशी आतच राहिली. आई म्हणाली, "ती घरात येईपर्यंत मी पाण्याला शिवणार नाही." ओठ फुटले तिचे. माझं डोकं फिरलं.

आत शिरलो. कंदील वर धरला. खाली कळशी, आणि तिच्यावर पांढरी साय, दुधावर धरते तशी. हात घातला. वर गार, गोडं. कोपर बुडालं, तर कोमट. खारं. साय फाटली आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटला! हातातलं चांदीचं कडं डोळ्यांदेखत काळवंडलं. मागे वळलो, तर घळीच्या तोंडात लाट. भरती! कोंडलो.

मग काय झालं सांगू? वास गेला. एकदम! वाटलं, हवा सुधारली. तीच त्या खालच्याची चाल. पाय लुळे पडले. कंदिलाचे डोळ्यांपुढे दोन झाले. आणि पाण्यातून दादा बोलला, "धाकू, बस जरा. कळशी मी देतो."

त्याचाच आवाज, आईशप्पथ! साय हातासारखी वर आली. मी बसलोच होतो. पण दादाने मला नावाने कधी हाक मारली होती? जन्मभर 'गाढवा' म्हणाला.

तो दादा नव्हता!

सरपटत तोंडाशी गेलो. लाटेबरोबर गार वारा आत आला, तो छातीत भरला आणि पाण्याखालून बाहेर. खडकांनी पाठ सोलली.

आईला म्हटलं, "नाही आणली." तिने माझं काळं कडं पाहिलं. करवंटीने आधी मला पाजलं, मग स्वतः प्याली.

त्या वाटेला जाऊ नका. कुणी नावाने बोलावलं तरी नको.

आणि मला कधी तिकडून 'गाढवा' अशी हाक आली, तर धरून ठेवा रे. मी थांबणार नाही.